छताकडे बघ

माझ्या दोन मुलींची शिक्षणं, गावच्या घरावरचं नवं छप्पर आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हा सगळा खर्च एका बर्फाच्या लादीने उचलला. लादी ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. जाडीला मात्र जेमतेम दीड इंच. ती दुबईत होती. बाहेर ऑगस्टचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि आत पोरं स्केट्स बांधून गोल गोल घसरतायत. ती लादी वितळू द्यायची नाही, एवढंच माझं काम. त्याचा पगार मिळायचा. पण हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना मी आजवर दमडी देऊ शकलेलो नाही. द्यायला गेलो तेव्हा काय झालं ते पुढे येईलच.

रिंकवर सगळे त्यांना चाचा म्हणत; फिलिपिनो ड्रायव्हरपासून लेबनीज मुदीरपर्यंत, म्हणजे मॅनेजरपर्यंत, सगळे. दाभोळ खाडीच्या काठचे कोकणी मुसलमान. त्या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस आखातात असतो. कुवेत, मस्कत, दुबई ही नावं तिथे खेड-चिपळूणइतकीच घरगुती. नाव छापून आलेलं त्यांना खपणार नाही, तेव्हा मीही चाचाच म्हणतो.

मी रत्नागिरीच्या आयटीआयचा, आरएसी म्हणजे फ्रिज-एसीच्या ट्रेडचा. मुंबईत खिडकीचे एसी उतरवून धुण्यात सुरुवातीची वर्षं गेली, मग एजंटचे पैसे भरून दुबई गाठली. ज्या कंत्राटदाराच्या व्हिसावर गेलो त्याने पगार आधी उशिरा दिला, मग अर्धा दिला, मग नुसतं ‘बुकरा, बुकरा’ म्हणू लागला. त्याचा तो उद्या काही उजाडेना. पासपोर्ट त्याच्या कपाटात. कॅम्पात एका खोलीत आम्ही आठ जण, आणि घरी फोन केला की ‘सगळं झ्याक’ म्हणायचं. अशा दिवसांत एकदा त्याने मला या रिंकच्या कपडे बदलायच्या खोल्यांतले स्प्लिट एसी बघायला पाठवलं. शेजारच्या प्लांट रूममध्ये कुणीतरी एका व्हॉल्व्हच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं, तोही अस्सल आमच्या जिल्ह्याच्या मराठीत. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यांना दुसऱ्या बाजूने पाना धरायला माणूस हवा होता. मी धरला.

व्हॉल्व्ह बसला तसं त्यांनी विचारलं, ‘कुठला रे तू?’

‘रत्नागिरी, शिरगाव.’

‘मिरकरवाड्यातली बर्फाची फॅक्टरी बघितलीस?’

बघितली होती. बंदरावर वाढलेल्या पोराने ती बघितली नाही असं होत नाही.

‘मग झालं. ही तीच. फक्त हिच्यावर नाचतात.’

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. चाचांनी उमेदीची वर्षं मिरकरवाड्यात काढली होती. तिथे मोठ्या टाकीत ब्राइन असतं, म्हणजे शून्याच्या खूप खाली नेलं तरी न गोठणारं खारं पाणी. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडायचे, डब्यांतलं पाणी गोठलं की क्रेनने उचलून लाद्या सुट्या करायच्या, क्रशरमध्ये त्यांचा भुगा करून ट्रॉलरवर चढवायचा. कॉम्प्रेसर किर्लोस्करचे, गॅस अमोनिया. रिंकवरही ब्राइनच, कॅल्शियम क्लोराइडचं, उणे नऊ-दहा अंशांवर. फरक एवढाच की इथे ते काँक्रीटच्या पोटात पुरलेल्या पाइपांतून फिरतं आणि पाणी वरून घालतात. पाइप चार-चार इंचांवर. सगळे एकापुढे एक जोडले तर सतरा-अठरा किलोमीटर भरतील, रत्नागिरीहून पावसपर्यंत जातील असं चाचा म्हणत. काँक्रीटच्या खाली इन्सुलेशन, आणि त्याच्याही खाली आणखी एक पाइपांचं जाळं, त्यात कोमट पाणी. ते कशाला, तर खालची जमीन गोठून फुगू नये आणि वरचा स्लॅब तडकू नये म्हणून. वाळवंटात जमीन गोठेल या भीतीने तिला शेक देतात, हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं पोराला उन्हाची झळ लागली.

दुबईच्या रिंकवर अमोनिया नव्हता, फ्रिऑन होता. अमोनिया विषारी, वस्तीत नको, हे बरोबरच. चाचांना मात्र त्याची हळहळ होती. ‘अमोनिया इमानदार रे,’ म्हणत. ‘गळला की नाकात घुसून सांगतो. हा फ्रिऑन सगळा निघून जाईल तरी तोंड उघडणार नाय.’

मला रिंकवर घ्यायला चाचांनी मुदीरला कसं पटवलं, कंत्राटदाराकडून पासपोर्ट कसा सोडवून घेतला, हे मला तेव्हा कळलं नाही. एवढंच दिसलं की महिनाभरात माझा व्हिसा बदलला आणि चाचांनी मला स्वतःच्या खोलीतली दुसरी खाट दिली. जागा रिकामीच होती, तू नशीबवान, असं सांगितलं. मी ते खरं मानून चाललो.

पहिला धडा दुसऱ्याच दिवशी मिळाला. भल्या पहाटे चाचा मला रिंकवर घेऊन गेले. मी वाकून बर्फ बघायला लागलो तर टॉर्चचा उजेड त्यांनी सरळ वर मारला. ‘बर्फ काय बघतोस? बर्फ बिघडला तर तो शेवटी दिसतो. छताकडे बघ.’

पुढे मी पुस्तकं वाचली, कंपन्यांचे इंजिनिअर ऐकले. चाचांचं ते वाक्य सगळ्यांनी आपापल्या भाषेत खरं ठरवलं. गरम मुलखात बर्फाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो वरून. उन्हाने तापलेलं छप्पर रात्रंदिवस खाली उष्णता फेकत असतं. डोळ्यांना बर्फ पांढरा दिसतो, कारण खालच्या पातळ थरावर आपण पांढरा रंग मारलेला असतो. दिव्यांचा प्रकाश तो परतवतो. पण तापलेल्या छपरातून येणाऱ्या अदृश्य किरणांपुढे तोच बर्फ काळा. जवळजवळ सगळे गिळून टाकतो. म्हणून छताला आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा लावतात. तो तापला तरी उष्णता खाली फारशी सोडत नाही. त्याचा एखादा तुकडा सुटून लोंबायला लागला की चाचा अस्वस्थ व्हायचे, आणि तो शिवला जाईपर्यंत मुदीरलाही स्वस्थ बसू द्यायचे नाहीत.

छताचं दुसरं दुखणं म्हणजे थेंब. हवेतली वाफ छताच्या गार पडलेल्या जागांना लागून पाणी होते आणि टपकते. जिथे टपकते तिथे बर्फावर फोड उठतो. लहान, करंगळीच्या पेराएवढा. पण वेगात येणाऱ्या माणसाची ब्लेड त्यावर चढली की तो सरळ कठड्यावर. असे फोड पहाटे हाताने तासायचे. मी एक तासायला घेतला की चाचा आधी टॉर्चने वरची जागा शोधायला लावत. वरची ओल गेल्याशिवाय खालचा फोड जाणार नाही, उद्या तिथेच पुन्हा उठेल.

आणि ही वाफ येते कुठून? दारातून. आखाताचं हे कोरडं वाळवंट म्हणून ज्यांना वाटतं त्यांनी ऑगस्टमध्ये समुद्रकाठी चष्मा घालून एसी गाडीतून उतरून बघावं, काही दिसायचं नाही. याच किनाऱ्यावर सौदीत धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. म्हणजे ३५ अंशांवरची भिंतही त्या हवेला गार वाटून घामेजली असती. ती हवा उणे चार अंशांच्या बर्फावर आली की काय होईल ते सांगायला नको. आधी बर्फावर गुडघाभर धुकं साचतं, मग वाफ बर्फावरच बसून गोठते. लिटरभर पाण्याची वाफ अशी गोठताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात साडेआठ किलो बर्फ वितळू शकतो. हे गणित मी नंतर कागदावर केलं. चाचांना ते न करताच माहीत होतं.

रिंकला दोन दारं, मध्ये बोळ. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. या नियमासाठी चाचांनी जेवढी भांडणं केली तेवढी पगारवाढीसाठी केली नसतील. त्यांचा मुख्य शत्रू कॅफेटेरियाचा चहावाला पोऱ्या. दोन्ही हातांत ट्रे, दार कसं उघडणार, म्हणून तो दाराखाली पुठ्ठ्याची घडी सारून ठेवायचा. चाचा ती काढायचे. तो दुसरी सारायचा. चाचांच्या खिशात संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यांची चळत जमायची. शेवटी चाचांनी स्वतःच्या पैशाने त्या दाराला खाली, पायाने ढकलता येईल असा पत्रा बसवून घेतला आणि भांडण मिटलं. मला हे आठवतं, कारण त्यानंतर धुकं खरोखर कमी झालं, आणि लाखभर दिरहमांचं आर्द्रता शोषणारं यंत्र जे करू शकत नव्हतं ते एका पत्र्याने केलं. यंत्र वाईट नव्हतं. आत सिलिका जेल भरलेलं मोठं चाक सावकाश फिरत असतं, एका बाजूने ओली हवा सुकवतं आणि दुसऱ्या बाजूला गरम हवेत स्वतः सुकतं. पण दार उघडं असेल तर ते बिचारं अख्खा समुद्र सुकवायला बसल्यासारखं.

बर्फ घालतानाही घाई चालत नाही. स्लॅब गार झाला की पाणी ओतायचं नसतं. नळीच्या तोंडातून धुक्यासारखं फवारायचं, लगेच गोठेल एवढंच. असे कितीतरी थर. मग पांढरा रंग फवारायचा, त्यावर पुन्हा थर, मग हॉकीच्या रेषा, त्यावर पुन्हा थर. आम्ही रात्रभर फवारत चालायचो, चाचा पुढे आणि मी मागे नळी सावरत. एका जागी पाऊल थबकलं की तिथे डबकं, आणि डबकं गोठलं की त्यात हवेचे बुडबुडे. बुडबुड्यांचा बर्फ ठिसूळ.

याच कारणासाठी रोजच्या सफाईला गरम पाणी लागतं, आणि हे पाहुण्यांना कधीच पटत नाही. दर दोन तासांनी स्केटिंग थांबवून मोठी गाडी फिरते. खालची लांब ब्लेड बर्फाचा ओरखडलेला पापुद्रा तासते, स्क्रू तो भुगा उचलून टाकीत घेतो, आणि मागे लोंबणारं जाड फडकं साठ-पासष्ट अंशांचं पाणी सारवत जातं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी, आणि ते जुन्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. गार पाणी नुसतं वर बसतं, कालांतराने पोपडे धरतं. आमची गाडी चालवणारा फिलिपिनो, त्याला सगळे ‘कुया’ म्हणत. त्यांच्यात थोरल्या भावाला तसं म्हणतात. कुया गाडी वळवताना कोपऱ्यात कधीही पट्टा सोडत नसे. भुगा मागच्या खड्ड्यात टाकायचा, तिथे कॉम्प्रेसरच्याच उष्णतेवर तो वितळायचा.

या गाडीला जगभर तिच्या पहिल्या कारखान्याच्या नावाने झांबोनी म्हणतात, मग ती कुणीही बनवलेली असो. तिचा जन्म कॅनडात किंवा रशियात झाला असेल असं मला वाटायचं. निघाली दक्षिण कॅलिफोर्नियातली, लॉस एंजेलिसजवळच्या पॅरामाउंट गावची. तिथे फ्रँक झांबोनी आणि त्याच्या भावाचा बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता. घरोघरी फ्रिज यायला लागले तसा तो बसला. मग बर्फ बनवायची हातोटी वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी १९४० साली रिंक काढली. आधी उघड्यावर होती, पण तिथल्या उन्हापुढे आणि कोरड्या वाऱ्यापुढे बर्फ टिकेना, म्हणून वर छप्पर घातलं. बर्फ साफ करायला ट्रॅक्टर आणि तीन-चार माणसं तासाभराहून जास्त वेळ राबायची. १९४९ मध्ये फ्रँकने ते सगळं एका गाडीत बसवलं आणि काम दहा मिनिटांवर आणलं. मी ही गोष्ट चाचांना सांगितली तेव्हा त्यांना गाडीचं काहीच वाटलं नाही. ‘म्हणजे तो पण बर्फाच्या फॅक्टरीवाला,’ एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून झांबोनीचा उल्लेख आपल्यातला माणूस असल्यासारखा करायला लागले.

पहाटे पाचला फिगर स्केटिंगच्या मुली यायच्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या कोच बाई, रशियाकडच्या. त्या काळात अबू धाबीला झाहरा लारी नावाची मुलगी अशाच पहाटे सराव करून पुढे आली. २०१२ मध्ये ती इटलीत हिजाब घालून स्पर्धेत उतरली आणि डोक्यावरच्या कापडासाठी तिचे गुण कापले गेले. तेव्हापासून आमच्याकडे अरब मुलींची संख्या वाढली. या मुली उडी मारून खाली येतात तेव्हा बर्फ थोडा मऊ लागतो, उणे साडेतीनच्या आसपास. फार गार असला तर तो ब्लेडखाली फुटतो. संध्याकाळच्या हॉकीवाल्यांना कडक हवा, उणे साडेपाच. बटण दाबलं आणि बदललं असं हे नाही. काँक्रीट सुस्त असतं, त्याला तीन-तीन तास आधी सांगावं लागतं. चाचा आणि बाई यांच्यात समाईक भाषा दहा-बारा शब्दांची. बाई डोळे मिटून ब्लेडचा आवाज ऐकायच्या आणि चाचांकडे बघून हाताचा पंजा वर किंवा खाली करायच्या. चाचा प्लांट रूममध्ये जाऊन अर्ध्या अंशाने व्हॉल्व्ह फिरवायचे. एवढं एकमताने चालणारं संभाषण मी लग्न झालेल्यांतही क्वचित पाहिलं.

आता एका रात्रीची गोष्ट. ऑगस्ट, दिवसभर धुळीचं वादळ. कूलिंग टॉवरच्या पाण्यात एवढी माती गेली की गाळण्या चोंदल्या, कंडेन्सरला पाणी मिळेना, हेड प्रेशर चढत गेलं, आणि संध्याकाळी ऐन गर्दीत दोन्ही कॉम्प्रेसर ट्रिप झाले. आत एका पोराच्या वाढदिवसाची पार्टी. मी रीसेट दाबायला धावलो. चाचांनी माझं मनगट धरलं. ‘ते मरू दे. आधी माणसं बाहेर काढ.’

माणसं बाहेर गेली. दिवे घालवले. बाहेरची ताजी हवा घेणारा डँपर बंद केला, दोन्ही दारांच्या फटींना चिकटपट्टी लावली. मग त्यांनी ब्राइनचे पंप बंद करायला सांगितले, आणि मला वाटलं म्हातारा घाबरून भलतंच बोलतोय. बर्फाखालचं गार पाणी फिरायचं थांबवायचं? पण त्यांचं बरोबर होतं. कॉम्प्रेसर बंद असताना पंप फिरवला तर पंपाचीच उष्णता ब्राइनमध्ये जाते, आणि स्लॅबखालचा गारवा बाहेरच्या पाइपांत फिरून वाया जातो. स्लॅबला हात लावायचा नाही. तो स्वतःची पुंजी जपतो.

मग चाचा आणि कुया टॉवरवर चढले. वय झालेला माणूस, बेचाळीस अंशांच्या ओल्या हवेत, गाळण्या काढून पाण्याच्या झोताने धूत होता. मला त्यांनी आत ठेवलं, अंधारात, बर्फाच्या मधोमध खुर्ची टाकून. हातात थर्मामीटर आणि वही. दर पाव तासाला आकडा लिहायचा आणि उणे दीडच्या वर गेला तर हाक मारायची. उणे चार, उणे साडेतीन, उणे तीन. अंगावर दोन जाकिटं असूनही माझे दात वाजत होते, आणि बाहेर ते दोघे घामाने निथळत होते. उणे दोनपर्यंत पोचलो तेव्हा भिंतीपलीकडे पहिला कॉम्प्रेसर धडधडला.

पहाटे पाचला बाई आल्या. दोन फेऱ्या मारल्या आणि बर्फ फार मऊ आहे म्हणून तक्रार करून गेल्या. चाचा एकदम खुशीत. ‘तक्रार केली ना? म्हणजे बर्फ आहे.’

लॉगबुकात त्या रात्रीची नोंद चाचांनी स्वतःच्या हाताने केली. त्यांचं इंग्रजी जेमतेम, पण अक्षर टपोरं. काम कुणी सांभाळलं त्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. मुदीरने ते वाचलं, मला बोलावलं, आणि त्या वर्षाअखेरीस मला असिस्टंट ऑपरेटरचा ग्रेड मिळाला. त्या ग्रेडवर फॅमिली व्हिसा मिळत होता. बायको आणि थोरली मुलगी आल्या त्या त्या एका ओळीवर. मी चाचांना विचारलं, तुम्ही स्वतःचं नाव का नाही लिहिलं. म्हणाले, ‘माझी बायको येणार नाय इथे. तिला म्हशी आहेत.’

बायको आल्यावर मी चाचांची खाट सोडली. दर शुक्रवारी नमाज आटोपून ते आमच्याकडे जेवायला यायचे. सोलकढी त्यांना आमच्या हिची आवडायची, पण तोंडावर कधी म्हणाले नाहीत. वाटी पुढे करायचे.

चाचा निवृत्त होऊन गावी गेले आणि प्लांट माझ्याकडे आला. त्यानंतर पहिल्या सुट्टीत मी त्यांना भेटायला निघालो. वाटेत खेडला त्यांच्या भाच्याचं हार्डवेअरचं दुकान, त्याच्यासाठी चाचांच्या नात्यातल्या कुणी दुबईहून एक पाकीट दिलं होतं. भाचा गल्ल्यावर बसला होता. मी कोण ते कळल्यावर हसला आणि पोऱ्याला चहा सांगितला. ‘म्हणजे तुम्हीच ते,’ म्हणाला. ‘तुमच्या जागेवर मी जाणार होतो. बॅग भरलेली, मेडिकल झालेलं. मामूंचा फोन आला, थांब, इथे एक पोरगा अडकलाय, त्याला आधी सोडवतो. मी आपला थांबलो.’

चहा आला. मला तो घशाखाली उतरवायला जरा वेळ लागला. भाचाच म्हणाला, ‘वाईट नका वाटून घेऊ. मी गेलो असतो तर पाइप मोजत बसलो असतो. इथे निदान विकतो तरी.’ तरीही त्याच्या आईने दोन वर्षं भावाशी अबोला धरला होता, हेही त्याने सांगितलं, चहा संपता संपता.

दाभोळच्या फेरीबोटीवर उभा राहून मी चाचांसाठी आणलेल्या माझ्या पाकिटात आणखी पैसे घातले. फार नाही, माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढे. चाचा अंगणात बसले होते. मी पाकीट पुढे केलं, भाच्याने सांगितलं तेही बोललो. चाचांनी पाकीट न उघडताच ओट्यावर ठेवलं, वर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि विचारलं, ‘दोन नंबरचा कॉम्प्रेसर तेल फेकायचा, अजून फेकतो?’ निघताना पाकीट माझ्या पिशवीत परत आलेलं होतं, सुक्या बोंबलांच्या पुडीखाली. ते मला दुबईत पोचल्यावर सापडलं. पुढच्या सुट्टीत मी ते पैसे भाच्याच्या मुलीच्या नावे पोस्टात ठेवून आलो. भाच्याने ठेवू दिले. ते चाचांना कळलं तेव्हा त्यांनी मला फोनवर अस्सल व्हॉल्व्हच्या शिव्या दिल्या. पण काढून घे असं म्हणाले नाहीत.

आता मी रत्नागिरीलाच असतो, माशांच्या आणि आंब्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं बघतो. आपल्या देशात बर्फाच्या रिंक फारशा नाहीत, आणि ज्या झाल्या त्यांतल्या बऱ्याच वीजबिलाच्या ओझ्याने वाकल्या. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधली. मग ती वर्षानुवर्षं बंद होती, आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू होऊन तिथे स्केटिंगची एक आशियाई स्पर्धा झाली. त्याचा व्हिडिओ मी चाचांना मोबाइलवर पाठवला. मला वाटलं खूश होतील, आपल्या देशात बर्फ टिकला म्हणून. रात्री त्यांचा फोन आला. व्हिडिओ तीनदा बघितला म्हणे, पण घेणाऱ्याने कॅमेरा सगळा वेळ खालीच धरलाय. ‘छत कसलं आहे ते दिसतच नाय. विचार कुणाला तरी.’

हल्ली त्यांच्या-माझ्यात एक नवा वाद सुरू आहे. युरोपात काही रिंकवाल्यांनी सफाईला गरम पाणी वापरणं सोडलं. पाणी एका नळकांड्यात भोवऱ्यासारखं फिरवून त्यातली हवा काढतात आणि गारच सारवतात. पाणी तापवायचा खर्च वाचतो, ते पाणी पुन्हा गोठवायला कॉम्प्रेसरलाही कमी राबावं लागतं. हिशेब सरळ आहे, आणि मला तो पटतो. चाचांना नाही. त्यांचं म्हणणं, हवा निघाली ठीक, पण जुन्या बर्फाशी ते मिळणार कसं? मी म्हटलं मिळतं, लोक वापरतायत. ते म्हणाले, वापरतात थंड देशातले, ऑगस्टमध्ये दुबईत वापरून दाखवायला सांग. मी म्हटलं, चाचा, यात ऑगस्टचा काय संबंध, हॉल बंद आहे, दारं बंद आहेत.

‘दारं बंद आहेत?’ चाचा म्हणाले. ‘चहावाला सुट्टीवर आहे काय?’